घरच्या घरी केक स्मॅश फोटोशूट: पहिल्या वाढदिवसाची तयारी कशी करायची

केक स्मॅश फोटोशूट म्हणजे बाळासमोर केक ठेवायचा आणि ते त्यात हात घालून तो चिवडतं त्याचे फोटो काढायचे. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचं असं शूट आम्ही डोंबिवलीच्या घरात दोनदा केलं. पहिल्यांदा केक फ्रिजमधून काढून थेट तिच्यासमोर ठेवला. वर गडद निळं क्रीम होतं. तिने एक बोट टोचलं, गार लागल्याबरोबर हात झटकला, खालचा ओठ बाहेर काढला आणि रडायला लागली. त्यात पडदा निसटला, मोबाइलची मेमरी भरली, ओला रुमाल आणायला मी आतल्या खोलीत गेले. परत येईपर्यंत ती हुंदके देत होती. चार दिवसांनी पुन्हा केलं. खोली तीच, मोबाइल तोच. या वेळी मात्र ती खोलीत येण्याआधी प्रत्येक वस्तू जागेवर होती आणि एकदा ती बसल्यावर आम्ही कोणीही उठलो नाही. बावीस मिनिटांत मनासारखे फोटो मिळाले.

म्हणून आधीच सांगते, या शूटमधली नव्वद टक्के मेहनत बाळ झोपलेलं असताना करायची असते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. दिवस आणि वेळ ठरवा

वाढदिवसाच्या दिवशी शूट ठेवू नका. त्या दिवशी पाहुणे असतात, फोन वाजत असतात, बाळाची झोप मोडलेली असते. आठवडाभर आधीचा एखादा सुट्टीचा दिवस घ्या. फोटो हातात आले की वाढदिवसाच्या निमंत्रणातही वापरता येतात.

बाळ आधाराशिवाय नीट बसत असलं पाहिजे. नुकतंच चालायला लागलेलं बाळ केकसमोर दोन मिनिटंही टिकत नाही, त्यामुळे तुमचं बाळ धरून धरून चालत असेल तर अकरा महिने पूर्ण झाल्यावर लगेच उरकून घ्या.

वेळ बाळाच्या झोपेवरून ठरवा. सकाळची झोप झाल्यावर अर्ध्या तासाने बहुतेक बाळं खुशीत असतात. पोट अर्धं भरलेलं असावं. अगदी उपाशी बाळ चिडचिड करतं आणि पोटभर जेवलेलं बाळ केककडे बघतही नाही. लसीकरणानंतरचे दोन दिवस, सर्दी-ताप आणि दात येत असल्याची किरकिर असेल तेव्हा शूट पुढे ढकला. सगळी तयारी झाली आहे म्हणून रेटू नका.

२. घरातल्या मोठ्यांना आधी सांगा

केकमध्ये हात घालायचा, तो चिवडायचा ही पद्धत अमेरिकेतून आपल्याकडे आली. आपल्या घरात अन्न पायदळी जाणं चालत नाही. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, एवढा केक वाया घालवायचा?" त्यांचं म्हणणं मला पटलं आणि त्यावरून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, केक अर्ध्या किलोपेक्षा मोठा आणायचा नाही. दोन, शूट सुरू होण्याआधी, शूटसाठी मांडलेल्या पाटावरच लेकीचं औक्षण करायचं. ते औक्षणाचे फोटो आज घरात सगळ्यांत जास्त पाहिले जातात. सासूबाईंची नऊवारी, निरांजनाचा उजेड आणि लेक तबकातल्या सुपारीकडे टक लावून बघते आहे. औक्षण झालं की निरांजन, काड्यापेटी, सुपारी आणि अक्षता मात्र लगेच खोलीबाहेर न्या.

ज्यांनी बाळाचं बोरन्हाण केलं आहे त्यांना समजावणं सोपं जातं. तिथेही आपण बाळाला मध्ये बसवून बोरं-चुरमुरे ओततो आणि ते काय करतं याचं कौतुक करतो.

३. केक: इथे सर्वांत जास्त विचार करा

बाळ हा केक खाणार आहे, हे धरूनच चाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या बाळांच्या आहाराबद्दल सूचना दिल्या. त्यांत जास्त साखरेचे पदार्थ देऊ नयेत, असं म्हटलं आहे. साखरेऐवजी वापरली जाणारी कृत्रिम गोडी देणारी द्रव्यंही नकोत, असंही त्यात आहे. म्हणजे 'शुगर फ्री' लिहिलेला केक हा पर्याय नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चालत नाही. त्यातून इन्फंट बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आपण शूट वाढदिवसाच्या आधी करतो आहोत, म्हणून हे विशेष लक्षात ठेवा.

केकमध्ये जे जे पडणार आहे ते बाळाने आधी खाल्लेलं असू दे. गहू, दूध, अंडं, शेंगदाणा, काजू-बदाम यांतलं काही नवीन असेल तर शूटच्या आधीच्या आठवड्यांत एकेक करून, दोन-तीन दिवसांच्या अंतराने थोडं थोडं देऊन बघा. घरात कोणाला ॲलर्जी असेल किंवा बाळाला एक्झिमा (त्वचेवर येणारे खाजरे चट्टे) असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

आम्ही दुसऱ्या वेळी केक घरी केला. प्रमाण देते:

एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी ताजं दही, दोन पिकलेली केळी, दहा-बारा भिजवलेल्या खजुरांची पेस्ट, पाव वाटी पातळ तूप. सगळं कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा. रवा फुगला की लागेल तसं दूध घालून इडलीच्या पिठासारखं सरसरीत करा. एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खायचा सोडा घालून पाच इंची डब्यात ओता. ओव्हन असेल तर १८० अंशांवर ३०–३५ मिनिटं. नसेल तर कुकरमध्ये मीठ पसरून, रिंग आणि शिट्टी काढून, मंद आचेवर पाऊण तास. सुरी घालून कोरडी निघाली की झालं.

वर लावायला क्रीमऐवजी चक्का. एक लिटर दुधाचं गोडसर दही रात्रभर फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगून ठेवा, म्हणजे आंबट होत नाही. सकाळी श्रीखंडाला करतो तसा पुरणयंत्रातून काढून घ्या. एक चमचा बिटाचा रस घातला की फिका गुलाबी रंग येतो. आम्ही चक्क्यात गोड काहीच घातलं नाही, केळं-खजुराची गोडी पुरली. केक पूर्ण गार झाल्यावरच चक्का लावा, नाहीतर घसरतो. सुरीने गुळगुळीत करत बसू नका. चमच्याच्या पाठीने ओढलेले उंचसखल पट्टे फोटोत जास्त छान दिसतात.

बेकरीतून घेणार असाल तर अर्धा किलो, फिका रंग, कमी गोड असं स्पष्ट सांगा. गडद निळा, लाल आणि काळा रंग जिभेवर, बोटांवर, कपड्यांवर राहतो. चॉकलेट केक फोटोत चिखलासारखा दिसतो, तो टाळा. चांदीचे गोळे, साखरेचे मणी, फॉन्डंटची (साखरेच्या घट्ट लगद्याची) फुलं, वर खोचायचा तारेचा किंवा टूथपिकचा टॉपर यांतलं काही नको. हे सगळं घशात अडकू शकतं. आतल्या थरांना आधार म्हणून काडी किंवा स्ट्रॉ खोचली आहे का, तेही विचारा. बाहेरून ती दिसत नाही आणि बाळाचा हात थेट तिथेच जातो.

घरचा असो वा बेकरीचा, केक शूटच्या वीस मिनिटं आधी फ्रिजबाहेर काढा. बोट सहज आत गेलं पाहिजे. बटरक्रीम असेल तर जास्त वेळ लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत व्हिप क्रीम दहा मिनिटांतच बसायला लागतं. म्हणून उन्हाळ्यात चक्काच बरा.

४. पंधरा दिवस आधीपासून हात भरायची सवय लावा

ही पायरी मला कोणी सांगितली नव्हती. आपण बाळाला भरवतो, तोंड लगेच पुसतो, हात लगेच धुतो. अशा बाळाला एकदम क्रीममध्ये हात घालायला लावलं तर ते बावचळतं. दुसऱ्या प्रयत्नाआधीचे चार दिवस आम्ही लेकीला ताटात दहीभात, कुस्करलेलं केळं, मऊ उपमा देऊन तिच्यावरच सोपवलं. पहिल्या दिवशी ती हात वर धरून आमच्याकडे बघत बसली. चौथ्या दिवशी दहीभात केसांत गेला होता. तुमच्याकडे पंधरा दिवस असतील तर फारच चांगलं.

५. जागा आणि उजेड

घरातली सर्वांत मोठी खिडकी शोधा. गॅलरीचा सरकता दरवाजा असेल तर उत्तम. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान खिडकीतून भरपूर उजेड यावा, पण थेट ऊन बाळाच्या अंगावर पडू नये. ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा किंवा पांढरी ओढणी लावा. बाळाला खिडकीच्या बाजूला बसवा, म्हणजे उजेड एका गालावर पडेल. दुसऱ्या गालावर सावली गडद होते, तिथे दोन-तीन फुटांवर थर्माकोलची पांढरी शीट किंवा दोरीवर पांढरी चादर उभी करा. उजेड परत फिरून सावली हलकी होते. थर्माकोल बाळाच्या हाताला लागेल इतकं जवळ नको. खिडकीकडे पाठ करून बसवलं तर चेहरा काळा येतो.

खोलीतली ट्यूब आणि पिवळे दिवे बंद करा. दिवसाच्या उजेडात ते मिसळले की बाळाची कातडी कुठे पिवळी, कुठे हिरवट दिसते आणि नंतर ते नीट करता येत नाही. फ्लॅश नको.

मागच्या पडद्यासाठी खास कापड विकत घ्यायची गरज नाही. एकरंगी सुती चादर किंवा आजीची जुनी सुती साडी चालते. साडीची रुंदी साधारण सव्वा मीटर असते. मागे तेवढ्याच उंचीवर बांधलेल्या दांडीवर ती आडवी लावली तर बसलेल्या बाळामागे पुरते. इस्त्री मात्र करा, कारण घड्या डोळ्यांना दिसत नाहीत पण फोटोत ठळक दिसतात. कापड दांडीला चिमट्यांनी घट्ट लावा. आमचं चिकटपट्टीवर होतं म्हणून निसटलं, शिवाय भिंतीचा रंगही उखडला. बाळ आणि पडदा यांच्यात दोन-तीन फूट अंतर ठेवा, म्हणजे पडद्यावर सावली पडत नाही आणि बाळ तो ओढूही शकत नाही.

खाली आधी जाड प्लॅस्टिक किंवा मेणकापड, त्यावर सुती चादर, आणि चादरीचे चारही कोपरे पट्टीने चिकटवा. आपल्या गुळगुळीत टाइल्सवर क्रीम सांडलं की बाळ आणि मोठी माणसं दोघेही घसरतात. पंखा शूटपुरता मंद ठेवा, पण बाळाला घाम येऊ देऊ नका.

६. सजावटीत काय नको

पाट, दोन फुलांच्या माळा आणि लाकडी '१' एवढं पुरतं. झेंडूची फुलं वापरणार असाल तर हाताला लागणार नाहीत अशी उंच टांगा, पाकळ्या लगेच तोंडात जातात.

फुगे बाळापासून लांब आणि मागेच बांधा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा किंवा न फुगवलेला फुगा घशात बसला तर श्वास पूर्ण बंद होऊ शकतो. फुटला तर शूट थांबवून प्रत्येक तुकडा मोजून उचला. शिवाय तो आवाज ऐकून रडलेलं बाळ त्या दिवशी पुन्हा हसत नाही.

छोट्या लाइटच्या माळा आणि विजेवरच्या मेणबत्त्या यांमध्ये बऱ्याचदा बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतच भाजू शकते. अशा वस्तू त्या खोलीत ठेवूच नका. थर्माकोलची अक्षरं बाळ चावतं. चमकी नको. पाकिटावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेली चमकी खाण्याची असतेच असं नाही. खरी मेणबत्ती पेटवू नका.

७. कपडे

दोन जोड लागतात. पहिला औक्षणाचा, म्हणजे परकर-पोलकं किंवा झब्बा. दुसरा केकचा, साधी सुती चड्डी किंवा रोम्पर. नवीन कपडे एकदा धुऊन घ्या. टिकल्या, मणी, घट्ट इलॅस्टिकचा हेअरबँड यांनी बाळ हैराण होतं. कपाळावर लाल रेघ उठली तर ती फोटोत दिसते. चांदीचे वाळे, करगोटा, काजळाची तीट असू द्या. गळ्यातलं मात्र काढून ठेवा.

८. सामान आदल्या रात्री एका टोपलीत भरा

• चिमटे, कागदी चिकटपट्टी, कात्री (वापरून झाली की बाहेर)
• मेणकापड, दोन जुन्या चादरी, जुनी वर्तमानपत्रं
• सहा-सात सुती रुमाल, त्यांतले तीन ओले करून पिळलेले
• दोन टॉवेल, लंगोट किंवा डायपर, सुके कपडे
• पाण्याची वाटी-चमचा किंवा सिपर
• खुळखुळा आणि बाळाचं सर्वांत आवडतं एक खेळणं
• पूर्ण चार्ज केलेला मोबाइल, निदान ५ जीबी जागा मोकळी
• औक्षणाचं तबक
• कचऱ्याची पिशवी

९. प्रत्यक्ष शूट

खोलीत तीनच माणसं. एकाने फोटो काढायचे. एकाने बाळाच्या हाताच्या अंतरावर, फ्रेमच्या बाहेर बसायचं आणि नजर फक्त बाळावर ठेवायची. घास अडकला, तोल गेला तर तिथल्या तिथे धरायला हेच माणूस. तिसऱ्याने फोटो काढणाऱ्याच्या डोक्यामागून खुळखुळा वाजवायचा. आमच्याकडे पहिल्या वेळी आत्या, काका, आजी, आजोबा चार दिशांनी नाव घेत होते आणि लेक बिचारी मान फिरवून दमली. हाक एकानेच मारायची.

मोबाइलची काच मऊ कापडाने पुसा. जमिनीवर पालथे पडा, लेन्स बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. उभं राहून काढलेल्या फोटोत नुसतं डोकं मोठं दिसतं. स्क्रीनवर बाळाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस तिथे लॉक होतो. बोटांनी झूम करू नका, स्वतः पुढे सरका. बर्स्ट, म्हणजे एकामागून एक भराभर फोटो काढायची सोय, चालू ठेवा. कॅमेरा असेल तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान आणि ॲपर्चर २.८ ते ४. बाळाचे हात फार चटकन हलतात.

क्रम असा: आधी औक्षण आणि आई-बाबांबरोबरचे स्वच्छ फोटो, पाच-सात मिनिटांत. मग कपडे बदला, बाळाला बसवा, एक मिनिट काहीच न देता फोटो काढा. नंतर केक समोर ठेवा आणि गप्प राहा. पहिल्यांदा केक बघतानाचा तो चेहरा एकदाच मिळतो.

बाळ हात लावत नसेल तर तुम्ही बोटाने चक्का चाटून दाखवा. तरी नाही, तर बाळाच्या ओळखीचं एखादं फळ, पिकलेल्या केळ्याची चकती किंवा थंडीत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे पातळ काप, केकवर ठेवा. ते उचलताना बोटं आपोआप भरतात. बाळाचा हात धरून केकमध्ये दाबू नका, तोंड तर अजिबात नको. पहिल्या वेळी मी तेच केलं आणि तिथून पुढे तिने केककडे पाहिलंच नाही. माझ्या मनाला ते अजून लागतं.

वीस-पंचवीस मिनिटं झाली की थांबा. त्याआधी बाळ डोळे चोळायला लागलं, त्याने पाठ फिरवली, तरी थांबा. दुसऱ्या वेळी लेकीने केक फोडला नाहीच. दोन्ही तळहात केकवर ठेवले, चक्का बोटांच्या फटींतून वर आला, आणि ती ते बघत राहिली. मग एक हात तिने शेजारी बसलेल्या बाबाच्या तोंडाकडे नेला. भरवायला. मला हवा होता तो फोटो हाच, पण तो काही आम्ही ठरवलेला नव्हता.

१०. शेवटी घंगाळ

शूटनंतर अंघोळ लागतेच, तर तिचेही फोटो घ्या. सासूबाईंनी माळ्यावरून तांब्याचं घंगाळ काढून चिंचेने घासून दिलं. प्लॅस्टिकच्या टबापेक्षा ते शंभर पटींनी सुंदर दिसलं. कड धारदार नाही ना, बघून घ्या. तळाशी दुमडलेला टॉवेल, चार-पाच बोटं कोमट पाणी, कोपर बुडवून पारख. बाळाला पाण्यात बसवल्यावर एकाचा हात कायम त्याच्या पाठीशी. थोड्याशा पाण्यातही बाळ बुडू शकतं, त्यामुळे टॉवेल आणायलाही उठायचं नाही.

बाळाला पाण्यात घालण्याआधी अंगावरचा चक्का सुक्या रुमालाने पुसून घ्या, नाहीतर सगळं पाणी तेलकट होतं. मानेच्या वळ्या, कानामागची जागा आणि बोटांच्या फटी नीट बघा. दुसऱ्याने तोवर चादर चारही कोपरे धरून उचलावी. फरशी आधी वर्तमानपत्राने, मग भांड्यांच्या साबणाच्या गरम पाण्याने पुसा. आम्ही कोपरे राहू दिले आणि संध्याकाळपर्यंत सोफ्याखाली मुंग्यांची रांग लागली.

चिवडलेला केक नंतर बाळाला भरवू नका, तो तासभर बाहेर आणि लाळेत असतो. त्याच पिठाचा दुसरा छोटा डबा आम्ही आधीच बाजूला ठेवला होता, तो सगळ्यांनी मिळून खाल्ला.

११. फोटो निवडणं

तीन-चारशे फोटो सहज होतात. त्याच रात्री सगळ्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवा आणि निवड दोन दिवसांनी करा. आम्ही पंधरा निवडले, त्यांतले सहा ४x६ आकारात छापून घेतले. उघड्या अंगाचे, घंगाळातले फोटो सोशल मीडियावर टाकू नका. नाव आणि जन्मतारीख दोन्ही दिसणारा फोटोही नको. फोटोग्राफर बोलावणार असाल तर बाळाचे फोटो त्याच्या पेजवर टाकायचे की नाहीत, किती फोटो एडिट करून मिळणार आणि किती दिवसांत, हे तीनही मुद्दे आगाऊ पैसे देण्याआधी लिहून घ्या.

आजी-आजोबांना मात्र छापलेली प्रतच द्या. सासूबाईंनी औक्षणाचा फोटो देवघराशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. रोज सकाळी उदबत्तीचा पुडा काढताना तो दिसतो.